बघून सांगतो

"नाव काय तुमचं?" बाईंनी विचारलं. मी उत्तर न देता अर्जाचा कागद त्यांच्याकडे सरकवला.

त्यांनी कागदाकडे बघितलंच नाही. मग मी पुढे वाकलो आणि नाव लिहिलं होतं तिथं बोट ठेवलं.

"ते वाचलंय मी," बाई म्हणाल्या. "तोंडानं सांगा की."

तोंडानं सांगायचं हाच तर सगळा घोळ होता. माझं नाव मन्मथ. मन्मथ शिवलिंग बिरादार. नातवाचं म या अक्षराशी जन्मभराचं भांडण होणार आहे हे बारशाच्या वेळी आजोबांना कळायला काही मार्ग नव्हता. मी तोतरा आहे. आता पूर्वीइतका नाही, पण तेव्हा, बाविसाव्या वर्षी, म म्हणायला ओठ मिटले की ते उघडायलाच तयार नसत. त्याच ओठांनी म्हणायचा ब मात्र सुरळीत निघायचा. असं का व्हायचं ते मला अजून कळलेलं नाही. त्या दिवशी मी सात-आठ सेकंद ओठ घट्ट मिटून बाईंच्या चष्म्याकडे बघत राहिलो आणि शेवटी नुसतं "बिरादार" म्हणालो.

"बसा बिरादार," बाई म्हणाल्या. "आधी घाम पुसा."

ही गोष्ट उदगीरची, एप्रिल पंच्याण्णवची. नगरपरिषदेच्या शाळेमागं पत्र्याची एक लांब शेड होती आणि तिच्यावर पाटी होती, 'सुगरण महिला औद्योगिक सहकारी संस्था मर्यादित'. आत चोवीस बायका दोन रांगा करून पापड लाटत बसलेल्या. हिंगाचा आणि मिऱ्याचा वास इतका, की आत पाऊल टाकताच मला दोन शिंका आल्या. रांगांच्या टोकाला एक टेबल, टेबलामागं चेअरमन निडवंचेबाई. पन्नाशीच्या, उंच, कन्याशाळेतली नोकरी सोडून ही संस्था उभी केलेल्या. मुलाखतीसाठी वेगळी खोली नव्हती. जे काय व्हायचं ते त्या चोवीस जणींच्या देखत होणार होतं.

मी बी.कॉम. झालो होतो आणि जी.डी.सी. अँड ए.चा अभ्यास करत होतो. सहकार आणि हिशेबाची ती सरकारी पदविका. सहा पेपर असतात आणि पास झालं की सहकारी संस्थांचं ऑडिट करायला मिळतं. परीक्षा मे महिन्याच्या अखेरीला होती. ती होईपर्यंत घरात बसून राहणं परवडणारं नव्हतं. आमचे वडील, अप्पा, धान्याच्या मोंढ्यात हमाली करायचे आणि त्यांचे गुडघे आता कुरकुरायला लागले होते. हिशेबाची वाट मी का धरली, हेही सांगून टाकतो. आकड्यांशी बोलावं लागत नाही, अशी माझी समजूत होती.

ती समजूत वर्षभरात चार वेळा खोटी ठरली. एका आडत दुकानाच्या मालकानं माझं अक्षर बघून वाहवा केली आणि लगेच फोनचा रिसीव्हर माझ्या हातात दिला. नांदेडच्या पार्टीला भाव विचार म्हणाला. पार्टीनं तीनदा हॅलो हॅलो केलं आणि फोन ठेवून दिला. ट्रॅक्टरच्या एजन्सीत तर नाव सांगण्याच्या पुढे मी गेलोच नाही. बाकीच्या दोन ठिकाणी लोक फार चांगले होते. त्यांनी पाणी दिलं, चहा दिला, आणि कळवतो म्हणाले.

सुगरण संस्थेची चिठ्ठी मला वाचनालयाच्या फळ्यावर दिसली होती. हिशेबनीस पाहिजे, पगार सातशे, स्वतः येऊन भेटणे. आलो तेव्हा माझ्याआधी एक जण बसलेला होता. सुधीर कोटलवार, देगलूरचा. पांढरा शुभ्र शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि बोलणं असं की ऐकत राहावं. नांदेडच्या एका सी.ए.कडं वर्षभर काम केलेलं. माणूसही दिलदार. मी घामाघूम झालेला बघून त्यानं आपल्या बाटलीतलं पाणी मला दिलं आणि या बायका एक विचित्र प्रश्न विचारतात असं ऐकल्याचं कानात सांगितलं. कुठला, ते सांगायच्या आत त्याला बोलावणं आलं.

तो प्रश्न मी लांबून ऐकला. विचारणारी बाई टेबलापाशी नव्हती, डाव्या रांगेत दुसरी बसली होती. हलिमाबी नाव. साठीच्या आसपासची, बारीक अंगाची, आणि हात इतका चालणारा की बाकीच्या जणींची एक लाटी होईपर्यंत हिच्या दोन. प्रश्न विचारतानाही लाटणं थांबलं नाही.

"सालाचा नफा एकतीस हजार झाला म्हणतेत," ती म्हणाली. "आन् बँकेत हायत एकवीसशे. मग बाकीचे पैसे कुठं हायत?"

शेडमधली बाकीची लाटणी मात्र थांबली. बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसायला घेतला. मला कुणी सांगायची गरज नव्हती. ह्या एका प्रश्नापायी इथं बरंच काही शिजलेलं आहे, हे हवेतच जाणवत होतं.

नंतर कळलं ते असं. आधीचा कारकून मार्चअखेरीला साखर कारखान्यात चिकटला. जाता जाता त्यानं वर्षाचा ताळेबंद घाईघाईनं काढून दिला आणि एकतीस हजारांचा नफा झाल्याचं शेडमध्ये मोठ्यानं सांगून गेला. बायकांना आनंद झाला. त्यांनी बोनस मागितला. बाईंनी पासबुक काढून दाखवलं, त्यात एकवीसशे रुपये. त्या दिवसापासून कुणी उघड काही म्हणत नव्हतं, पण दोघी जणी कामावर यायच्या बंद झाल्या होत्या, आणि बाई आल्या की बोलणी थांबत होती. बाईंनी स्वतः हिशेब समजावायचा प्रयत्न केला, पण त्या मराठीच्या शिक्षिका. त्यांनाही तो समजलेला नव्हता. शेवटी हलिमाबीनंच ठरवलं. नवा हिशेबनीस येईल त्यानं पहिल्यांदा सगळ्यांसमोर ह्याचं उत्तर द्यायचं, मग पुढची बोलणी.

कोटलवारनं उत्तर दिलं, आणि सुरेख दिलं. नफा आणि रोकड ह्या दोन वेगळ्या गोष्टी असतात, नफा पुस्तकात असतो, माल उधारीवर जातो, दुकानदारांकडून येणं बाकी असतं, शिवाय घसारा. पाच मिनिटं तो न अडखळता बोलला. मी मनातल्या मनात मान डोलावत होतो. पुस्तकात अगदी हेच होतं. उधारीवर विक्री झाली की नफा दिसतो पण पैसे हातात येत नाहीत. उदाहरण क्रमांक चौदा.

हलिमाबीनं ऐकून घेतलं आणि बरं म्हणाली. लाटणी पुन्हा सुरू झाली.

मग माझी पाळी. नावाचा प्रकार झाला तो वर सांगितलाच. बाईंनी शिक्षण विचारलं, ते मी प्रमाणपत्रांवरच भागवलं. आणि मग डाव्या रांगेतून तोच प्रश्न, त्याच शब्दांत.

उत्तर मला येत होतं. एका शब्दाचं उत्तर. उधारीत. एवढं म्हटलं की झालं. पण म नंतर माझा दुसरा वैरी म्हणजे उ. मी तोंड उघडलं, "उ" आला, आणि तिथंच गाडी रुतली. उ, उ, उ. चोवीस बायका माझ्या तोंडाकडं बघतायत. कानामागून घामाची धार चाललेली. दुकानदारांकडं, येणे बाकी, असे दुसरे शब्द होते, पण अशा वेळी ते सुचत नाहीत. अशा वेळी डोकं फक्त सुटायची वाट शोधतं. ज्यात उ नाही आणि म नाही असं काहीही. आणि माझ्या तोंडून निघालं, सरळ, एका दमात, जणू मला कधी काही त्रासच नव्हता:

"बघून सांगतो."

हलिमाबीचं लाटणं त्या दिवशी पहिल्यांदाच थांबलं. "काय म्हणलास?"

"बघून सांगतो," मी पुन्हा म्हणालो. एकदा निघालेलं वाक्य परत सहज निघतं.

तिनं बाईंकडं बघितलं. बाईंनी माझ्याकडं. मी जायला उठलो, कारण पाचवी नोकरी गेली हे उघड होतं. तेवढ्यात बाईंनी टेबलाचा खण ओढला, रोजकीर्द, खतावणी, साठ्याचं रजिस्टर आणि तो घाईचा ताळेबंद असा सगळा ढीग माझ्यापुढं ठेवला आणि विचारलं की बघायला किती दिवस लागतील.

मी दोन बोटं दाखवली.

घरी अप्पांना हे सांगितलं तेव्हा ते गुडघ्याला तेल चोळत होते. पगाराचं काय ठरलं, असं त्यांनी विचारलं. काहीच ठरलं नाही, नुसत्या वह्या बघायच्यात, असं मी सांगितलं. अप्पांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, चला, चहा देऊन घालवण्यापेक्षा हे बरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडच्या कोपऱ्यात वह्या उघडून बसलो. खरं तर मला फक्त उधारीचं पान काढायचं होतं. ते दाखवायचं, जमलं तर बोलायचं, नाहीतर लिहून द्यायचं. पान काढलं आणि पुन्हा वरपासून वाचलं. उधारी वाढलेली नव्हतीच. उलट गेल्या मार्चपेक्षा हजार रुपयांनी कमी झाली होती. दुकानदारांनी आपले पैसे चोख दिलेले. बँकेतली शिल्लकही वर्षभरात चव्वेचाळीसशेनं उतरलेली. म्हणजे काल मी जे बोलणार होतो, आणि कोटलवार जे बोलून गेला होता, ते साफ चूक होतं.

मग मी खरंच बघायला लागलो. त्या दिवसापर्यंत मी हिशेब सोडवले होते, कधी वाचले नव्हते. पुस्तकातला हिशेब सुटला की खाली दोन रेघा ओढायच्या. इथं रेघा आधीच्या माणसानं ओढून ठेवल्या होत्या आणि एकतीस हजार रुपये त्यांच्या आत कुठंतरी बसले होते. दुपारपर्यंत मी सगळ्या पानांवरून दोनदा फिरलो. हलिमाबी जेवणाच्या सुट्टीत येऊन शेजारी उकिडवी बसली.  तिनं माझ्यापुढं दोन पापड भाजून ठेवले आणि गेली.

दुपारी तीनच्या सुमाराला साठ्याच्या रजिस्टरात ते सापडलं. गेल्या वर्षी मार्चअखेरीला शिल्लक माल अठरा हजारांचा. यंदा चोपन्न हजार चारशेचा. आणि जानेवारीच्या पानावर, बाईंच्या वळणदार अक्षरात, एकाच ओळीत: उडीद डाळ, सव्वीस क्विंटल, दर चौदाशे. छत्तीस हजार चारशे. मी कागदावर मांडलं. मालात छत्तीस हजार चारशे वाढले, उधारीत हजार कमी, बँकेत चव्वेचाळीसशे कमी. बरोबर एकतीस हजार. रुपयाचाही फरक नाही.

मी बाईंकडं गेलो आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. बाई म्हणाल्या, हो, जानेवारीत भाव पडला होता, म्हणून जास्तीची घेऊन टाकली. जागा नव्हती म्हणून मोंढ्यात एक खोली भाड्यानं घेऊन ठेवली आहे. पण ती तर कामाची डाळ. तिचा पैशांशी काय संबंध?

मी त्यांच्याकडं खोलीची किल्ली मागितली. रजिस्टरप्रमाणे आधीची दहा आणि जानेवारीची सव्वीस मिळून मार्चअखेरीला क्विंटलाची छत्तीस पोती हवी होती, आणि एप्रिलमध्ये चार उचललेली. म्हणजे बत्तीस पोती दिसली तरच माझा हिशेब खरा. कागदावर बत्तीस आणि खोलीत पंचवीस असं निघालं, तर मग बाईंवर जो संशय होता तो माझ्याच हातानं सिद्ध होणार होता. किल्ली देताना बाईंच्याही ते ध्यानात आलं असावं. त्या एवढंच म्हणाल्या की नीट मोजा.

मी नीट मोजली. एकतीस भरली. पुन्हा मोजली, पुन्हा एकतीस. तिसऱ्यांदा वरच्या रांगेवर चढून मोजली. एकतीस. एक क्विंटल डाळ, चौदाशे रुपये, माझ्या दोन महिन्यांचा पगार, आणि तोही अजून न लागलेल्या नोकरीचा. मी पोत्यावरच बसून राहिलो.

त्याच ओळीत चार दुकानं सोडून अप्पा माल उतरवत होते. मी जाऊन त्यांना घेऊन आलो. अप्पांनी दारातूनच एक नजर टाकली, बोटांवर मोजलं आणि बत्तीस म्हणाले. मी एकतीसचा हट्ट धरला. तेव्हा ते आत आले, थप्पीच्या मागं हात घातला आणि भिंतीला टेकून उभं केलेलं एक पोतं थोपटून दाखवलं. थप्पी भिंतीवर रेलू नये म्हणून हमाल एक पोतं मागं उभं लावतात. हे पंचवीस वर्षं पाठीवर पोती वाहणाऱ्याला ठाऊक, बी.कॉम.ला कुठून ठाऊक असणार.  अप्पा कपाळ पुसत परत कामावर गेले, पण चालण्यात जरा ऐट होती.

शनिवारी सकाळी उत्तर द्यायचं होतं. रात्रभर मी वाक्यं जुळवून बघितली आणि सगळ्यांत उ होता. उडीद, उधारी, उरलेले, उत्तर. शेवटी वाक्यांचा नाद सोडला. शेडमध्ये गेलो आणि बाईंना विचारलं की सगळ्यांना जरा बाहेर नेता येईल का.

उदगीरच्या मोंढ्यानं त्या दिवशी जे बघितलं ते पूर्वी बघितलं नसणार. पुढं मी, काखेत वह्या, शेजारी बाई, आणि मागं चोवीस बायका, कुणाच्या हाताला पीठ, कुणाच्या पदराला तेल. आडत्यांनी बोली थांबवली. अप्पा पाठीवर पोतं घेऊन फळीवर उभे होते, ते तसेच उभे राहिले.

खोली उघडली. बायका दारात, ओसरीवर, जिथं जागा मिळेल तिथं. मी थप्पीसमोर उभा राहिलो आणि मला जमतील तेवढे छोटे प्रश्न विचारले. लांब बोलणं मला झेपणार नव्हतं, म्हणून.

"हलिमाबी, ही डाळ कुणी आणली?"

"बाईंनी."

"बाईंनी कशानं आणली?"

मागून कुणीतरी म्हणालं, संस्थेच्या पैशानं.

"संस्थेकडं पैसे कुठून आले?"

मग दारातली एक जण हळू आवाजात म्हणाली, पापड विकून. दुसरी म्हणाली, बारा महिने लाटून. आणि मग त्यांच्यात त्यांचीच बोलणी सुरू झाली, मला काही म्हणावंच लागलं नाही. मी वही उघडून जानेवारीची ओळ दाखवली. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी बाकीच्यांना वाचून दाखवली. मग चौघींनी मिळून पोती मोजली. मागचं उभं पोतं मी मुद्दाम सांगितलं नव्हतं. त्यांची एकतीस भरली. बाईंचा चेहरा उतरला. तेव्हा मी भिंतीकडं हात घातला. ही खोडी मी का केली, देव जाणे. दोन दिवसांच्या धाकधुकीनंतर मला एवढी एक चैन करावीशी वाटली.

हलिमाबी आत आली. तिनं एका पोत्यावर हात फिरवला, टोचून चार दाणे काढले, दातानं फोडून बघितले आणि सावकाश त्या पोत्यावर बसली.

"म्हणजे मी माझ्या नफ्यावर बसलेय," ती म्हणाली.

मी मान हलवली.

"आन् हे बँकेत असते तर?"

"तर लाटायला डाळ नसती," बाई मागून म्हणाल्या. तीन आठवड्यांत शेडमधल्या बायकांशी त्या पहिल्यांदाच एवढं मोकळं बोलत होत्या.

हलिमाबी उठली, बाईंसमोर गेली, आणि पिठाचा हात आपल्या पदराला पुसून तिनं बाईंचा हात धरला. दहा पोती विकून बोनस वाटावा का, यावर मग तिथंच सभा भरली. भाव आता सतराशेवर गेला होता. पण हलिमाबीनं बोटांवर हिशेब केला की क्विंटल विकला तर तीनशे सुटतात आणि लाटला तर त्याच्या कितीतरी पट. बोनस दिवाळीला घ्यायचा ठरला. न येणाऱ्या दोघींना सांगायला दोघी जणी तिथूनच गेल्या.

परतताना बाईंनी मला सोमवारपासून यायला सांगितलं. सातशे रुपये, आणि परीक्षेसाठी आठवड्याची भरपगारी रजा. मी चालता चालता थांबलो. हे असं घ्यावं की न घ्यावं, कळेना. कोटलवारला का नाही घेतलं, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या की तो हुशार होता, पण वह्या न उघडता त्यानं उत्तर दिलं. तुम्ही म्हणालात बघून सांगतो. पन्नास वर्षांत हे वाक्य मी कुठल्या पुरुषाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. हलिमाबी तर तेव्हाच म्हणाली की हाच ठेवा.

तेव्हा मला राहवलं नाही. अडखळत, थांबत, दोनदा मागं जाऊन मी त्यांना सगळं खरं सांगितलं. की मलाही उधारीच म्हणायचं होतं. की शब्द फुटला नाही म्हणून मी दुसरं वाक्य म्हणालो. की माझा प्रामाणिकपणा वगैरे काही नव्हता, फक्त उ अडला होता.

बाई रस्त्यात उभ्या राहिल्या आणि हसायला लागल्या. इतक्या, की त्यांना चष्मा काढावा लागला. सायकलवाले वळून बघायला लागले.

"बिरादार," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "कशानं का होईना, पण बघितलंत ना? आता रोज बघायचं. आणि हे हलिमाबीला नेमणुकीचा ठराव झाल्याशिवाय सांगू नका."

सोमवारी मी कामावर गेलो. टेबलाच्या कडेला माझी खुर्ची आली. जेवणाच्या सुट्टीत मी परीक्षेचं पुस्तक काढायचो, आणि काढलं रे काढलं की डाव्या रांगेतून विचारणा व्हायची की आज काय शिकलास, सांग. सांगावंच लागायचं. घसारा म्हणजे काय, तर चुलीवरचा तवा दर वर्षी थोडा झिजतो ते. राखीव निधी म्हणजे काय, तर लेकीच्या लग्नाला बाजूला काढलेलं. माझी उदाहरणं त्यांना पसंत पडली नाहीत तर त्या स्वतःची द्यायच्या, आणि ती बऱ्याचदा पुस्तकापेक्षा बरी असायची. मी अडखळलो की लाटणी चालू राहायची. माझा शब्द माझ्याआधी पुरा करायची घाई तिथं कुणालाच नव्हती, कारण हात कामात होते. मेच्या अखेरीला लातूरला जाऊन मी सहाही पेपर दिले. पाच सुटले. सहकारी कायद्याचा राहिला, तो पुढच्या वर्षी सुटला. गेली तीस वर्षं मी ऑडिट करतोय, शंभरावर संस्था झाल्या, पण निकाल लागला तेव्हा सबंध शेडनं पेढे मागितले तसं पुन्हा कुणी मागितलं नाही.

पण सांगायचं होतं ते त्या पहिल्या ऑगस्टचं. संस्थेची वार्षिक सभा शाळेच्या मोठ्या खोलीत भरली होती. साठ-एक सभासद, काहींच्या कडेवर पोरं. अहवाल बाईंनी वाचला आणि ताळेबंद हिशेबनीस वाचतील असं मला न विचारता सांगून टाकलं. मी उभा राहिलो. पहिला शब्द अडला. सगळ्या थांबल्या. निघाला. मग दुसरा. एक बाई म्हणाली, विजेची अनामत म्हणजे काय ते नीट सांगा. सांगितलं. दुसरीला भागभांडवल कळलं नव्हतं, तेही सांगितलं. मग मला वाटलं घसारा कुणी विचारलाच नाही, तर आपणच सांगावा. मग साठा. जानेवारीची खरेदी. उडीद हा शब्दही मी चारदा म्हणालो, त्यातला दोनदा तर विनासायास. मला वेळेचं भान राहिलं नव्हतं. पोरं रडायला लागली होती, चहा निवला होता, आणि मी अजून राखीव निधीवर होतो.

पहिल्या रांगेतून हलिमाबीनं पदर सावरला आणि हात वर केला.

"मन्मथा," ती म्हणाली, "बस कर की आता. किती बोलायलास."

सगळी खोली हसली. मी ताळेबंद मिटला, खुर्चीवर बसलो आणि शेजारी इतिवृत्त लिहीत बसलेल्या बाईंना म्हणालो की एवढं सभेच्या कामकाजात घ्या. मी गमतीनं म्हणालो होतो. पण निडवंचेबाई कामाच्या चोख. त्या वहीत घसाऱ्याच्या ठरावाखाली, त्यांच्या वळणदार अक्षरात ते अजून आहे: 'सभासद हलिमाबी यांनी हिशेबनीस फार बोलत असल्याची तक्रार केली. सभेने तिची नोंद घेतली.'